गंमत की खरं? नववीच्या वर्गातल्या एका चेष्टेचं प्रकरण

सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेनं नववीतल्या मुलाला माझ्याकडे पाठवलं, तेव्हा सोबतच्या पत्रात तीन तक्रारी होत्या. त्याला विनोद समजत नाही, तो भलत्या वेळी हसतो, आणि चेष्टा केली तर अंगावर येतो. खाली विनंती होती की समुपदेशन करून त्याला विनोद समजायला शिकवावं. शाळांबरोबर काम करताना ऑटिझम असलेल्या किशोरवयीन मुलांबद्दल अशी पत्रं मला नेहमी येतात. या प्रकरणात मात्र तिन्हींपैकी एकही तक्रार जशी लिहिली होती तशी खरी निघाली नाही. मुलाच्या आणि आईवडिलांच्या संमतीनं लिहिते आहे; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काय घडलं

मुलगा चौदा वर्षांचा. ऑटिझमचं निदान लहानपणीच झालेलं, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र घरात आहे. वडील एसटीत वाहक, आई घरी शिलाईकाम करते. गणितात आणि भूगोलात वर्गातल्या पहिल्या काहींत, मराठीच्या पेपरात निबंध मात्र चार ओळींत संपतो. बोलतो भरपूर, पण एका सुरात, आणि बोलताना चेहरा फारसा हलत नाही. सातारा आगाराच्या गाड्यांच्या वेळा वडिलांपेक्षा त्याला जास्त पाठ आहेत, हे वडीलच कौतुकानं सांगतात.

डिसेंबरात स्नेहसंमेलनाची तयारी चालू होती. मधल्या सुट्टीत मागच्या बाकावरच्या एका मुलानं त्याला सांगितलं, "तुझा दाखला तयार आहे ऑफिसात. काढलंय तुला शाळेतून. जा, घेऊन ये." आजूबाजूच्या तिघाचौघांनी गंभीर चेहऱ्यानं माना डोलावल्या. तो कार्यालयात गेला आणि दाखला मागितला. लिपिक कामात होते. मान वर न करता म्हणाले, "वडिलांना घेऊन ये. अर्ज लागेल."

पुढचा तास सुरू झाला तरी तो कार्यालयाच्या दारातच उभा होता. शिक्षकांनी पाहिलं आणि हाताला धरून वर्गात आणलं. तोपर्यंत गोष्ट सगळ्या वर्गात पसरली होती. तो दारातून आत येताच साठेक मुलं एकदम हसली. त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले. ज्यानं चेष्टा केली होती तो मुलगा उठून जवळ आला, खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "अरे भावा, गंमत केली!" यानं त्याला जोरात ढकललं. त्या मुलाचं कपाळ बाकाच्या कडेवर आपटलं आणि टाके घालावे लागले.

शाळेच्या नोंदीत या सगळ्याचं एक वाक्य झालं: साधी चेष्टा सहन न झाल्यानं वर्गमित्राला मारहाण.

हे त्याला तोंडी विचारून उपयोग नव्हता. प्रश्नामागून प्रश्न आले की तो शेवटचा शब्द परत म्हणतो. म्हणून कागद दिला आणि त्याला हवा तेवढा वेळ दिला. त्यानं लिहिलं ते असं: लिपिकांनी अर्ज लागेल असं सांगितलं, म्हणजे दाखला खरा होता. शाळेतून काढलेला मुलगा वर्गात बसू शकत नाही. दाखला हातात आल्याशिवाय शाळाही सुटत नाही. म्हणून मी दारात थांबलो. वर्गात आवाज फार झाला. त्यानं न विचारता हात ठेवला. म्हणून ढकललं.

चेष्टा करणाऱ्या मुलानं सांगितलेलं आधी खोटं वाटलं असतं तरी लिपिकांच्या उत्तरानं ते खरं ठरवलं. त्यापुढचं सगळं त्या माहितीशी सुसंगत होतं. ढकलण्याचं कारण तर विनोद नव्हताच. बंद खोलीत साठ मुलांचं एकदम हसणं हा काही ऑटिस्टिक मुलांना कानात अक्षरशः दुखणारा आवाज असतो, आणि त्या क्षणी अंगाला झालेला अनपेक्षित स्पर्श हे दुसरं संकट. कानांवर ठेवलेले हात वर्गाला रुसवा वाटले.

बंदी

मी पहिल्यांदा शाळेत जाण्याआधीच मुख्याध्यापकांनी आपल्या परीनं तोडगा काढला होता. या मुलाची कोणीही, कसलीही चेष्टा करायची नाही, केली तर पालकांना बोलावलं जाईल. हेतू चांगला होता. मुलांनी आदेश तंतोतंत पाळला. डबा खाताना तो आला की बोलणं थांबायचं. गटानं करायच्या प्रकल्पात त्याला न सांगताच काम वाटलं जायचं. दुसऱ्या भेटीत त्यानं मला विचारलं, "मॅडम, मला पण शिक्षा आहे का? माझ्याशी कोणी बोलत नाही."

नववी-दहावीच्या मुलांचं एकमेकांशी बोलणं म्हणजे निम्मं तरी खेचणंच असतं. फिरकी घेणं, नावं पाडणं, गुणांवरून टोमणा मारणं, मग डब्यातली पोळी वाटून खाणं. ते काढून घेतलं की बोलायला फारसं काही उरत नाही. टाके पडलेल्या मुलाशी मी स्वतंत्र बोलले. तो धडधाकट, वर्गात सगळ्यांना हसवणारा मुलगा. त्यानं जे सांगितलं ते मी पुढे शिक्षकांच्या बैठकीत जसंच्या तसं ठेवलं: "मॅडम, आम्ही सगळ्यांचीच खेचतो. ह्याचीच नाही खेचली, तर हा आमच्यातला कसा?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याच आठवड्यात त्यानं दुसऱ्या एका मुलाला मुख्याध्यापकांनी बोलावल्याचं सांगून पळवलं होतं. तो मुलगा अर्ध्या वाटेत थांबला, मागे वळून शिवी हासडली आणि दोघं हसले. तीच युक्ती, फरक परतीच्या वाटेचा. त्या मुलाला अर्ध्या वाटेत कळलं, कारण मागे उभ्या असलेल्या मित्राच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. आमच्या मुलाला ते दिसलं नाही. त्यामुळे चेष्टा थांबायला हवी होती तिथे थांबली नाही, आणि चेष्टा करणाऱ्यांनीही ती थांबवली नाही. चौघांपैकी एकजण जरी कार्यालयापर्यंत धावत गेला असता तर पुढचं काही घडलं नसतं. मला यात दुष्टपणा दिसला नाही, पण जबाबदारी दिसली, आणि ती मी त्या मुलांना स्पष्ट सांगितली.

त्याला नक्की काय समजतं

विनोद समजत नाही हे शाळेचं म्हणणं तपासायला मी वर्गातलेच संवाद, विनोद आणि टोमणे चिठ्ठ्यांवर लिहून घेतले. प्रत्येक चिठ्ठीला तीन प्रश्न: लोक कशाला हसले? तुला हसू आलं का? बोलणाऱ्याच्या मनात काय होतं?

पहिल्या प्रश्नाला तो जवळपास कुठेच अडला नाही. शब्दांची कोटी असेल तर माझ्याआधी पकडायचा. कोणाच्या तरी गैरसमजावर उभा असलेला विनोद त्याला वेळ घेऊन, पण नक्की उमगायचा. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं मजेशीर होती. काही विनोद पूर्ण समजूनही त्याला मुळीच हसू आलं नव्हतं, विशेषतः कोणीतरी पडतं किंवा फजित होतं असे. तो अडकायचा तिसऱ्या प्रश्नाला. "वा, काय अक्षर आहे!" हे वाक्य मराठीच्या सरांचं असेल तर टोमणा, कारण सर दर वेळी तेच म्हणतात. तेच वर्गातल्या मुलानं म्हटलं असेल तर त्यानं लिहिलं: कौतुक असेल किंवा नसेल.

आणखी एक गोष्ट लगेच लक्षात आली. तोच संवाद मी बोलून दाखवला तर त्याला जास्त अडचण यायची, चिठ्ठीवर वाचला तर कमी. बोलताना सूर, चेहरा, वेग, मागचा गोंगाट सगळं एकदम अंगावर येतं. कागदावर वाक्य थांबून राहतं.

विनोदाच्या अभ्यासात १९७२ पासून एक मांडणी वापरली जाते. विनोद कळण्याचे दोन टप्पे असतात: आधी काहीतरी अपेक्षेबाहेरचं येतं आणि आपण चमकतो, मग ते कोणत्या नियमानं जुळतं हे सापडतं. २००३ साली अमेरिकेत ऑटिझम असलेल्या किशोरांवर झालेल्या एका अभ्यासात मुलांना व्यंगचित्रं आणि अर्धवट विनोद देऊन योग्य शेवट निवडायला सांगितलं, आणि त्यांना ऑटिझम नसलेल्या मुलांपेक्षा जास्त अडचण आली. असे निष्कर्ष शाळांपर्यंत पोचतात ते "विनोद समजत नाही" एवढेच होऊन. पण ऑटिझमच्या वर्णनात सुरुवातीपासून दुसरी बाजूही आहे. व्हिएन्नाच्या हान्स आस्परगर यांनी १९४४ साली आपल्या दवाखान्यातल्या मुलांबद्दल लिहिताना विनोदबुद्धीचा अभाव नोंदवला. त्याच लेखात त्यांनी हेही लिहिलं की शब्दांच्या खेळात यातली काही मुलं चांगलीच तरबेज असतात. लायन्स आणि फिट्झजेराल्ड यांनी २००४ साली उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हाही हीच विसंगती त्यांच्यासमोर होती: प्रयोगात कमी पडणारी माणसं प्रत्यक्ष आयुष्यात विनोद करताना, त्याचा आनंद घेताना दिसतात.

माझ्या मते ही विसंगती प्रश्न विचारण्याच्या पद्धतीतून येते. विनोद समजणं, विनोद आवडणं आणि दुसऱ्याला विनोदातून काय म्हणायचंय ते ओळखणं ही तीन वेगळी कामं आहेत. शाळेनं तिसऱ्याचा निकाल पाहून पहिल्या दोन्हींत नापास केलं होतं.

बंद केलेले दिवे

शाळेच्या निरीक्षण वहीत पुरावा म्हणून एक प्रसंग लिहिला होता. सहामाहीचे पेपर वाटताना मराठीचे सर त्याला म्हणाले, "काय दिवे लावलेत हो तुम्ही!" तो उठला, भिंतीपाशी गेला आणि दोन ट्यूबलाइट बंद करून जागेवर येऊन बसला. सरांनी नोंद केली: वाक्प्रचार शब्दशः घेतो.

मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "दिवे लावणे म्हणजे काहीच न जमणं, उपरोधानं म्हणतात. अर्थ माहीत आहे मला. पेपरात मार्क असतात त्याला."

"मग दिवे का बंद केलेस?"

"सर म्हणाले मी लावले. म्हणून मी बंद केले."

"म्हणजे तू विनोद केलास?"

"हो."

"मग हसला का नाहीस?"

"मी हसलो तर विनोद संपतो."

या उत्तरापाशी मी बराच वेळ थांबले. गंभीर चेहऱ्यानं विनोद करणारे नट आणि वक्ते मराठी प्रेक्षकानं डोक्यावर घेतलेले आहेत. चेहरा न हलवणं ही त्यांची कला ठरते. इथे मुलाच्या कपाळावर निदानाची चिठ्ठी होती म्हणून तीच गोष्ट लक्षण ठरली. सर वाईट नाहीत. प्रसंगाचा उलगडा झाल्यावर ते मनापासून हसले आणि नोंदीखाली स्वतः दुरुस्ती लिहिली. पण त्या दिवशी वर्गात फक्त एक मुलगी हसली होती, आणि तिला गप्प बस म्हणून सांगितलं गेलं होतं.

डॅमियन मिल्टन हे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक आहेत. २०१२ साली त्यांनी मांडलं की समजण्याची अडचण एकाच बाजूला नसते. ऑटिस्टिक आणि इतर माणसं परस्परांना वाचण्यात सारखीच चुकतात, फक्त चुकीचा ठपका एकाच बाजूवर येतो. कार्यालयाच्या दारात त्याला वर्गाची गंमत ओळखता आली नाही. ट्यूबलाइटच्या बटणापाशी वर्गाला त्याची ओळखता आली नाही. पहिल्या प्रसंगासाठी समुपदेशन सुचवलं गेलं, दुसऱ्यासाठीही त्याचंच.

पाट्यांची वही

तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत त्यानं मला आपली वही दाखवली नव्हती. दाखवली तेव्हा आधी हात धुऊन या म्हणाला. एसटीतल्या आणि स्थानकावरच्या पाट्या, घोषणा, आणि प्रत्येकीखाली त्याची एक ओळ.

'विनावाहक गाडी' या पाटीखाली: बाबांची सुट्टी.

'आमदारांसाठी राखीव' या आसनाखाली: आमदार निवडणुकीला उभे आहेत, म्हणून सीट रिकामी.

आणि त्याची सगळ्यात आवडती: 'स्वारगेट गाडी फलाटाला लागली आहे.' खाली: फलाटाला गाडी लागली? त्याला आलेपाक द्या.

मी हसले. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला कळलं म्हणून हसलात की मला बरं वाटावं म्हणून?"

चौदा वर्षांच्या किती मुलांना हा भेद शब्दांत मांडता येतो? त्याला सौजन्याचं हसू माहीत आहे, ते तो ओळखू पाहतो, आणि स्वतः मात्र तसं हसत नाही. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली ऑटिस्टिक आणि इतर मुलांच्या हसण्याचे आवाज तपासले. इतर मुलं कंठातून खळखळून येणारं हसू हसत होती, आणि फुस्स करून सोडलेलं, समोरच्याला प्रतिसाद म्हणून दिलेलं हसूही. ऑटिस्टिक मुलांचं हसू जवळपास सगळं पहिल्या प्रकारचं होतं. नंतरच्या एका अभ्यासात ऐकणाऱ्यांना कोण हसतंय हे न सांगता ते आवाज ऐकवले, तर त्यांना ऑटिस्टिक मुलांचं हसणं जास्त आवडलं. त्या अभ्यासातली मुलं लहान होती, त्यामुळे किशोरांना ते तसंच्या तसं लावायला मी धजत नाही. पण हा मुलगा हसतो तेव्हा खरंच हसू आलेलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

भलत्या वेळी हसण्याचं कोडंही यातूनच सुटलं. दुसऱ्या तासाला ऐकलेला विनोद त्याला पाचव्या तासाला पूर्ण उलगडायचा, आणि तेव्हा तो हसायचा. किंवा परिपाठात सगळे स्तब्ध उभे असताना वहीतली एखादी पाटी आठवायची. शिक्षकांना वाटायचं, प्रतिज्ञेला हसतो.

आलेपाकाचा विनोद तो वर्गात रोज सांगायचा, त्याच शब्दांत. मुलांना पहिल्यांदा हसू आलं होतं, नंतर कंटाळा, मग चीड. पुन्हा का सांगतोस विचारलं तर म्हणाला, "तो अजून पण हसवतो." बहुतेकांसाठी विनोदाची गंमत अनपेक्षितपणात असते, म्हणून दुसऱ्यांदा ती उतरते. त्याच्यासाठी ती शब्द चपखल बसण्यात आहे, आणि ते दर वेळी बसतात. यात उपाय करण्यासारखं मला काही दिसत नाही. घरी आईनं कोणत्याही तज्ज्ञाला न विचारता मार्ग काढला होता. तो "त्याला आलेपाक द्या" म्हणाला की ती मशीनवरून मान न उचलता म्हणते, "आलेपाक संपलाय." मग तो म्हणतो, "मग लिंबू द्या." ही देवाणघेवाण त्यांच्या घरात कित्येक वर्षं चालू आहे. तिला तो विनोद आता विनोद वाटत नाही, पण मुलगा तो आपल्याला देतो आहे हे तिला दिसतं.

वर्गाशी झालेला करार

बंदी उठवायची तर तिच्या जागी काहीतरी हवं होतं. त्याला चेहरे वाचायला शिकवण्याचे तक्ते मी बाजूला ठेवले. चार मुलं मुद्दाम चेहरा गंभीर ठेवत असतील तर तक्ता निरुपयोगी आहे. त्यांनी फसवायचंच ठरवलं होतं, आणि ते चांगलं जमवलं होतं. शिवाय सुधारण्याचं सगळं ओझं पुन्हा त्याच्यावरच पडलं असतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या सोळाव्या कलमात विद्यार्थ्याच्या गरजेनुसार सोयी करणं ही शिक्षणसंस्थेची जबाबदारी म्हटली आहे. उताराच्या रॅम्पला आणि परीक्षेतल्या जादा वेळेला सोय म्हणतात हे शाळांना आता माहीत झालंय. बोलण्याच्या रीतीतही सोय करता येते, हे सांगायला मला बैठकीत वेळ लागला.

करार वर्गशिक्षिकेनं सगळ्या वर्गासमोर मांडला, त्याचं नाव न घेता. वर्गात कोणीही कोणालाही विचारू शकतो, "गंमत की खरं?" विचारल्यावर उत्तर खरंच द्यायचं, तिथे गंमत संपली. विचारणाऱ्याला हसायचं नाही. आणि काही विषय चेष्टेच्या बाहेर: दाखला, निकाल, घरचं माणूस, अपघात, आजार. हे विषय मुलांनीच सुचवले. ऐकल्यावर माणसाला लगेच उठून काहीतरी करावं लागतं अशा बातम्या, असं एका मुलीनं त्यांचं वर्णन केलं.

प्रश्न दोन्ही बाजूंनी चालणार होता. तो काही विचित्र करताना दिसला तर शिक्षकांनीही नोंद लिहिण्याआधी विचारायचं. मराठीच्या सरांनी पुढच्याच आठवड्यात विचारलं. हजेरीला त्यानं "हजर" ऐवजी "फलाटावर लागली आहे" म्हटलं होतं. सर म्हणाले, "गंमत की खरं?" तो म्हणाला, "गंमत." सरांनी हजेरी मांडली आणि पुढचा क्रमांक पुकारला.

करार टिकायला एका अनपेक्षित गोष्टीची मदत झाली. भूगोलाच्या बाईंनी अचानक चाचणी जाहीर केली तेव्हा मागच्या बाकावरून तोच, टाके पडलेला मुलगा ओरडला, "बाई, गंमत की खरं?" वर्ग हसला, बाईही हसल्या, आणि तो प्रश्न सगळ्यांचा झाला. एरवी एका मुलासाठी केलेल्या सोयीवर त्याच्या नावाचा शिक्का बसतो आणि ती वापरायलाच त्याला लाज वाटते. काही दिवस दोघातिघांनी हा प्रश्न मुद्दाम त्याच्यासारखा एकसुरी आवाज काढून विचारला. वर्गशिक्षिकेनं त्यांना वेगळं बोलावून थांबवलं, आणि ते पुन्हा झालं नाही.

वहीसाठी भित्तिपत्रकावर एक पट्टा मिळाला, 'एसटीतल्या पाट्या'. लेखी असल्यानं ज्याला वाचायचं तो वाचे, आणि रोज तोच विनोद ऐकण्याची सक्ती कोणावर राहिली नाही. तिथे लवकरच भर पडू लागली. 'सुटे पैसे द्यावेत' या पाटीखाली कोणीतरी लिहिलं, बांधलेले चालतील का? त्याला हे मुळीच आवडलं नाही. त्याच्या पाटीवर दुसऱ्याचं अक्षर होतं. बरीच चर्चा होऊन नियम ठरला: भर खालच्या रिकाम्या जागेत, स्वतःचं नाव लिहून. मग त्यानं ती ओळ स्वतःच्या वहीत उतरवली, नावासकट. दिव्यांच्या प्रसंगी हसलेली मुलगी आता नियमित भर घालते.

ढकलण्याबद्दल त्यानं माफी मागावी असा माझा आग्रह होता. आवाज आणि स्पर्श हे कारण खरं आहे, पण टाकेही खरे आहेत, आणि त्या मुलाच्या आईनं चार दिवस झोप घालवली होती. चिठ्ठी त्यानं लिहिली: तुझ्या कपाळाला लागलं याबद्दल क्षमस्व, हात ठेवण्याआधी विचार. समोरून आलेल्या चिठ्ठीत चूक झाली, परत दाखल्याची गंमत करणार नाही, एवढंच होतं. दोघं मित्र झाले नाहीत. एकमेकांना वाट देतात.

वर्षाच्या शेवटी

मार्चपर्यंत मारामारीची नोंद झाली नाही. परिपाठात तो अजूनही कधी हसतो. आता शिक्षक नंतर त्याला कोणती पाटी आठवली ते विचारतात. स्नेहसंमेलनाला तो आला नाही आणि आम्ही कोणी आग्रह केला नाही. ध्वनिक्षेपकासमोर शेकडो लोकांचं हसणं त्याला नको आहे. वर्ग खूप हसायला लागला की कानांवर हात जातात, ते आता कोणी मनावर घेत नाही.

एक गोष्ट गेलेली नाही. मागून हसण्याचा आवाज आला की तो आधी आपला गणवेश तपासतो. संशोधकांच्या एका गटानं २०११ साली, आस्परगर लक्षणसमूह (ऑटिझमचा तेव्हा वेगळा मानला जाणारा प्रकार) असलेल्या लोकांमध्ये आपल्याला हसलं जाण्याची भीती इतरांपेक्षा खूप जास्त आढळल्याचं दाखवलं, आणि तिचा संबंध पूर्वी झालेल्या चेष्टेच्या आठवणींशी लावला. या मुलाच्या आठवणी डिसेंबरात सुरू झालेल्या नाहीत. प्राथमिक शाळेतल्या दोन गोष्टी त्यानं मला तारखेसकट लिहून दिल्या आहेत. वर्गाशी केलेल्या करारानं मागचं पुसलं जात नाही, आणि ही भीती म्हणजे विनोद न कळणं असं कोणी पुन्हा लिहू नये म्हणून दहावीच्या वर्गशिक्षकांसाठीच्या टिपणात मी ते पहिल्याच ओळीत घातलं आहे.

सुट्टीत त्याला मोबाइल मिळाला आणि नवा प्रश्न उभा राहिला. एका अनोळखी क्रमांकावरून संदेश आला की त्याला एसटीचा वर्षभराचा मोफत पास मिळाला आहे, खालच्या दुव्यावर माहिती भरावी. त्यानं उत्तर पाठवलं, गंमत की खरं? समोरून आलं, खरं. वडिलांनी वेळेवर पाहिलं म्हणून निभावलं. पण हा प्रश्न उपयोगी पडतो तो उत्तर खरं मिळेल या भरवशावर, आणि तो भरवसा वर्गाच्या भिंतीबाहेर नाही.

म्हणून आता तो आईबाबांसोबत यादी करतो आहे: हा प्रश्न कोणाला विचारायचा आणि कोणाला उत्तरच द्यायचं नाही. आई, बाबा, वर्गशिक्षिका, मराठीचे सर आणि ती मुलगी यांची नावं लगेच आली. मागच्या बाकावरच्या मुलाचं नाव घालायचं का, यावर घरात एकमत नाही. आई नको म्हणते. त्याचं म्हणणं असं, की दाखल्याच्या वेळी मी विचारलंच नव्हतं, आणि विचारायला लागल्यापासून तो एकदाही खोटं बोललेला नाही.